विश्लेषण : गडचिरोलीच्या टसर पतंगाची वंशावळ कशाला हवी?

पूर्व विदर्भात टसर रेशमाचे चार जिल्हे आहेत : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. पावसाळा सुरू झाला की येथील ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडल्या जातात. त्या कोष विणेपर्यंत ढीवर समाजातील आणि इतर संगोपक कुटुंबे पाखरे व मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. या कोषांचा, म्हणजे कोशाचा, धागा विदर्भाच्या करवतकाठी साडीत जातो. त्या साडीला भौगोलिक मानांकन आहे. पण ज्या पतंगावर हे सारे उभे आहे, त्याचे वाण आजही मुख्यतः कोषाचा आकार, रंग आणि मुलखाचे नाव यांवरूनच ओळखले जाते. आता जनुकीय तंत्र स्वस्त झाले आहे. त्याचा उपयोग करून या पतंगाची वंशावळ नोंदवणे ही प्रयोगशाळेची चैन नाही. कोणत्या गावाला कोणते अंडीपुंज द्यायचे, हा रोजचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे.

टसरचा पतंग नेमका कोण?

रेशीम म्हटले की बहुतेकांना तुतीचा पाला खाणारा किडा आठवतो. टसरचा किडा त्याहून वेगळा. त्याचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. तुतीचा किडा बॉम्बिसिडी कुळातला, तर टसर सॅटर्निडी कुळातला. मोठ्या पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असणारे अनेक पतंग या दुसऱ्या कुळात येतात. आसामचा मुगा हा टसरचा जवळचा नातलग. चीनमधील ओक टसर आणि जपानी ओक टसर हेही त्याच अँथेरिया प्रजातीचे.

फरक केवळ नावाचा नाही. तुतीचा किडा हजारो वर्षांच्या पाळणुकीत पूर्ण माणसाळला. त्याचा पतंग उडू शकत नाही आणि माणसाविना तो जगत नाही. टसरचे तसे नाही. अळी उघड्या झाडावर वाढते, ऊन-पाऊस सोसते. कोषातून बाहेर आलेला पतंग काही खात नाही. थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. नर चांगला उडतो. त्यामुळे पाळलेल्या मादीला रानातला नर आणि रानातल्या मादीला पाळलेला नर मिळणे शक्य असते. पाळीव आणि रानटी यांच्यात कुंपण नाही. पुढचा सगळा प्रश्न येथूनच सुरू होतो.

जनुकांवरून नाते कसे कळते?

मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. त्यामागील युक्ती साधी होती. नकल करताना लेखनिकाकडून एखादी चूक होते. त्या नकलेवरून पुढे केलेल्या नकलांतही तीच चूक उतरते. दोन पोथ्यांत एकच वेगळी चूक सापडली, तर त्या एकाच आधीच्या पोथीवरून आल्या असण्याची शक्यता मोठी. अशा चुका जुळवत गेले की पोथ्यांची घराणी समोर येतात.

डीएनएचे वाचन याच वाटेने जाते. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होते आणि कुठे तरी एखादे अक्षर बदलते. तो बदल वंशजांत उतरतो. वेगवेगळ्या पतंगांमधील एकच तुकडा ओळीने मांडायचा, कोणते बदल कोणाकोणात सारखे आहेत ते पाहायचे आणि संगणकाच्या मदतीने वंशवृक्ष उभा करायचा. तुलनेसाठी दूरचा एखादा नातलगही घ्यावा लागतो. त्यामुळे जुना बदल कोणता आणि नवा कोणता, हे ठरवता येते.

किती मोठा तुकडा वाचायचा, हे प्रश्नावर अवलंबून असते. जात ओळखायची असेल तर छोटा तुकडाही पुरतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ‘डीएनए बारकोड’ची कल्पना मांडली. प्राण्यांसाठी त्यात मायटोकाँड्रियामधील एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा भाग वाचतात. दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांसारखाच हा जातीचा पट्टा. कोस्टारिकामध्ये एकच समजले जाणारे फुलपाखरू प्रत्यक्षात दहा वेगवेगळ्या जातींचे असावे, असे २००४ मध्ये या पद्धतीने सांगितले गेले. त्यांची पाखरे सारखी दिसत, पण अळ्या आणि त्यांचे खाद्य वेगळे होते.

जगात या पद्धतीने काय उलगडले?

सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे फुलपाखरे ही पतंगांपासून वेगळी नाहीत. पतंगांच्या मोठ्या वंशवृक्षावर दिवसा उडणारी एक फांदी म्हणजे फुलपाखरे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात फुलपाखरांच्या सुमारे २,३०० जातींमधील ३९१ जनुके तपासण्यात आली. ही फांदी सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात फुटली, असा त्याचा निष्कर्ष होता. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘निलवंत’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच वंशवृक्षावरील पतंग मात्र दिव्याभोवतीचा किडा म्हणून दुर्लक्षितच राहिले. जगात फुलपाखरांच्या जाती २० हजारांच्या आत, तर पतंगांच्या दीड लाखाहून अधिक आहेत.

रेशमाच्या बाबतीत २००९ मधील काम महत्त्वाचे आहे. चिनी शास्त्रज्ञांनी तुतीच्या किड्याच्या २९ पाळीव आणि ११ रानटी अशा ४० नमुन्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला. पाळीव किडा रानटीपासून स्पष्ट वेगळा झाला आहे, पण माणसाळवताना एकदोन नव्हे तर पुष्कळ किडे घेतले गेले असावेत, असे त्यातून दिसले. त्यामुळे पाळीव किड्यातही पुरेशी विविधता शिल्लक राहिली.

भारतातही हे काम झाले आहे. हैदराबादच्या ‘सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्स’मध्ये जे. नागराजू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रेशीम पतंगांचा जनुकीय वंशवृक्ष प्रसिद्ध केला. तुतीचा पाळीव किडा चीनमधील रानटी किड्यापासून आला, याला त्यातून दुजोरा मिळाला. पण त्यातील दुसरा निष्कर्ष टसरवाल्यांसाठी अधिक बोलका आहे. भारतात हिमालयातील आणि चीनमधील ओक टसरचा संकर करून ‘प्रॉयली’ हे वाण तयार करण्यात आले होते. मायटोकाँड्रियाचा डीएनए सहसा आईकडून येतो. या संकरित वाणात मात्र तो बापाकडून आल्याचे या अभ्यासात नोंदवले गेले. म्हणजे केवळ आईकडच्या जनुकावर विसंबून वंशावळ मांडली, तर ती फसू शकते. जेथे संकर झाला आहे तेथे एकाच तुकड्यावर निकाल देऊ नये, हा त्यातला धडा.

चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न वेगळा का?

टसरची जात एकच असली, तरी भारतात तिची चाळीसहून अधिक स्थानिक वाणे सांगितली जातात. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘इकोरेस’ म्हणतात. झारखंडच्या सिंहभूमचे डाबा, ओडिशाचे सुकिंदा आणि मोडाल, बस्तरचे रैली, पलीकडचे आंध्र लोकल आणि आपले भंडारा. कोषाचा आकार, टणकपणा, धाग्याची लांबी, वर्षात किती पिढ्या निघतात आणि कोणत्या झाडाचा पाला मानवतो, यांवरून ही नावे पडली.

आता नकाशा पाहावा. गडचिरोलीच्या वायव्येला भंडारा वाणाचा मुलूख. पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर, म्हणजे रैलीचे सालवन. दक्षिणेला सिरोंचाजवळ प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की तेलंगणातील चेन्नूर, महादेवपूर, म्हणजे आंध्र लोकलचा टापू. तीन नामांकित वाणांच्या सीमा या दोन जिल्ह्यांच्या आसपास येऊन भिडतात. मग भामरागडच्या रानातला पतंग कोणाचा? सिरोंचाचा कोणाचा? चंद्रपूरकडे सिंदेवाहीच्या अर्जुनावरचा कोणाचा? नदी ही माणसांची सीमा आहे. उडणाऱ्या नराला ती सीमा आहे की नाही, हे नुसत्या कोषाकडे पाहून सांगता येत नाही.

कोषाचा आकार फसवा असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. रैलीचा कोष मोठा आणि टणक. तो तसा वंशामुळे आहे, की सालाच्या पाल्यामुळे आणि तेथील हवेमुळे? हाच पतंग ऐनावर वाढवला तर कोष तसाच राहील का? जे वंशाने आले ते अंडीपुंजाबरोबर दुसऱ्या गावात जाईल. जे पाल्याने आले ते जाणार नाही. हा भेद न कळता बाहेरचे वाण आणले, तर कागदावरचे आकडे रानात उतरत नाहीत आणि तोटा संगोपकाच्या माथी येतो.

बाहेरचे अंडीपुंज आणण्यात गैर काय?

त्यात मुळातच गैर काही नाही. डाबा हे वाण पाळायला तुलनेने सोपे आहे. त्याची बीजनिर्मिती बसलेली आहे. म्हणून देशभरातील व्यावसायिक अंडीपुंजांत त्याचा भर असतो. ज्याच्या घरात पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या कष्टावर वर्षाची रोकड अवलंबून आहे, त्याला वेळेवर मिळालेले रोगमुक्त अंडीपुंज हीच पहिली गरज. स्थानिक वाण जपायचे म्हणून त्याला हमखास बियाणे नाकारणे हा अन्याय ठरेल.

धोका दुसरीकडे आहे. टसर उघड्या रानात वाढतो. बाहेरच्या वाणाचे पतंग स्थानिक पतंगांत मिसळतात. काही पिढ्यांनी स्थानिक वाण नावापुरते उरते. उन्हाळ्यात विदर्भातला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोषातील किडा असा उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाची चाहूल लागल्यावर जागा होतो. हा उन्हाळा सोसण्याची आणि योग्य वेळी जागे होण्याची घडण स्थानिक पतंगात पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून आलेली असू शकते. ती मिसळून विरून गेली, तर पैसे टाकूनही परत आणता येत नाही. धानाच्या बाबतीत विदर्भाने हे पाहिले आहे. अनेक जुनी वाणे शेतातून गेली, पण काहींचे बियाणे निदान डब्यात किंवा बीजपेढीत राहिले. पतंगाचे बियाणे डब्यात ठेवता येत नाही. ते रानातच जिवंत ठेवावे लागते.

रानही तसेच राहिलेले नाही. रस्ते, खाणी, तोड आणि वणवे यांमुळे ऐन-अर्जुनाचे सलग पट्टे तुटतात. पट्टे तुटले की त्यांतील पतंगांची लोकसंख्या लहान होते, जवळच्या नात्यात वीण वाढते. हे डोळ्यांना उशिरा दिसते. जनुकांत ते आधी दिसते.

नमुने गोळा करायला पतंग मारावे लागतील का?

नाही. उत्तर टसरच्या व्यवसायातच आहे. पेब्रीन हा रेशीमकिड्याचा जुना शत्रू. तो आईकडून अंड्यांत उतरतो. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये यावर उपाय दाखवला : अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगजंतू आढळले तर तिची अंडी नष्ट करायची. आजही रोगमुक्त अंडीपुंज याच रीतीने तयार होतात. म्हणजे बीजागारात प्रत्येक हंगामात मादी पतंग तपासणीसाठी कुटले जातात. त्यांचे पाय वायाच जातात.

त्यातला एक पाय अल्कोहोलच्या कुपीत ठेवला, तर जनुकीय अभ्यासाला पुरेसा डीएनए मिळतो. कुपीवर चार गोष्टी लिहिल्या की झाले : गाव, तारीख, अळी वाढलेले झाड आणि कोष पाळीव की रानातून वेचलेला. एका ठिकाणचे २०-३० पतंग मिळाले तरी तुलना सुरू करता येते. बीजागाराच्या कामात यामुळे पडणारी भर फार थोडी.

पुढचे वाचन मात्र नीट ठरवून व्हायला हवे. टसरच्या वाणांवर भारतात पूर्वी झालेल्या बऱ्याच कामांत आरएपीडी आणि आयएसएसआर या पद्धती वापरल्या गेल्या. त्या काळात स्वस्त पद्धती त्याच होत्या. पण आरएपीडीचा निकाल प्रयोगशाळेगणिक बदलू शकतो. दोन ठिकाणचे निकाल जोडून पाहणे अवघड जाते. प्रत्यक्ष अक्षरे वाचली, तर आजचा नमुना आणि वीस वर्षांनंतरचा नमुना शेजारी ठेवता येतो. आईकडचा मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि दोघांकडून येणारा केंद्रकातला डीएनए हे दोन्ही वाचले, तर संकर कुठे आणि कोणत्या बाजूने झाला हेही उमगते.

हे काम कोणी करायचे?

संस्थांची वाण नाही. रांचीला १९६४ पासून केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नागपूरला राज्याचे रेशीम संचालनालय आणि राज्य जैवविविधता मंडळ आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नमुने गडचिरोलीचे, पदवी दुसरीकडची आणि निष्कर्ष तिसरीकडच्या नियतकालिकात, ही जुनी रीत येथे मोडता येईल. विद्यापीठातील स्थानिक मुलामुलींनी बीजागारांतून पाय गोळा करावेत, नोंदी ठेवाव्यात, डीएनए वेगळा करायला शिकावे. अक्षरे वाचण्याचे यंत्र जिल्ह्यात असण्याची गरज नाही. ते काम बाहेरून करून घेता येते.

गावाला वगळून मात्र हे होऊ नये. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा रानाचा हिशेब ठेवू शकते हे साऱ्या देशाने पाहिले. टसरची स्थानिक वाणे, त्यांची गावातली नावे, कोष मिळण्याच्या जागा आणि हंगाम या नोंदवहीत आले पाहिजेत. वंशवृक्षावर ज्या पतंगाची फांदी निघेल, त्या फांदीला गावाचा पत्ता असला पाहिजे.

याला पैशाची बाजूही आहे. एकदा डीएनएची अक्षरे जागतिक माहितीकोशात गेली की पतंग हाती न घेताही कोणी त्यांचा उपयोग करू शकतो. टसरच्या प्रथिनांत वैद्यकीय आणि औद्योगिक संशोधकांना रस आहेच. अशा अंकीय जनुकीय माहितीतून होणाऱ्या नफ्याचा वाटा जैवविविधता राखणाऱ्यांना मिळावा म्हणून कोलंबियातील काली येथील परिषदेत २०२४ मध्ये एका निधीवर सहमती झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ‘काली निधी’ सुरू झाला. त्यातील किमान निम्मी रक्कम आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी जावी, अशी अपेक्षा आहे. देणे ऐच्छिक असल्याने त्यावर फार भरवसा ठेवता येणार नाही. पण नमुना कोणत्या गावाचा याची नोंदच नसेल, तर मागायला तोंडही उरणार नाही.

निकाल अपेक्षेविरुद्ध आला तर?

तीही शक्यता मान्य केली पाहिजे. कदाचित भंडारा, रैली आणि आंध्र लोकल ही तीन वेगळी घराणी नसून एकाच मोठ्या लोकसंख्येची टोके आहेत, असे निघेल. कदाचित डाब्याचे मिश्रण आधीच खोलवर झाले असेल. किंवा उलट, भामरागडसारख्या आतल्या भागात अजून नाव न मिळालेले वेगळे वाण निघेल. तिन्ही उत्तरे उपयोगाची आहेत. पहिले निघाले तर वाणांच्या नावांवरून चाललेला वाद थांबवून पाल्याकडे आणि झाडांच्या निगेकडे लक्ष देता येईल. दुसरे निघाले तर शुद्धतेचा हट्ट सोडून आहे त्या मिश्रणातून उन्हाळा सोसणारे कोष निवडता येतील. तिसरे निघाले तर काही रानपट्टे केवळ स्थानिक पतंगासाठी राखता येतील आणि बाहेरचे अंडीपुंज त्यांपासून दूर ठेवता येतील.

जनुके सारेच सांगत नाहीत, हेही खरे. कोणता पतंग उन्हाळा तगून काढतो हे रानातच पाहावे लागते. कोषाला भाव मिळवून देणे हे बाजाराचे आणि सरकारचे काम आहे, डीएनएचे नाही. संगोपकाला आज अंडीपुंज वेळेवर आणि पैसे हातोहात मिळत नसतील, तर वंशावळीचे कौतुक त्याने का करावे, हा सवाल रास्त आहे. पण दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. अंडीपुंज तयार करणारे बीजागार तेच, पतंग तोच आणि सूक्ष्मदर्शकही तोच. वाढते ती फक्त एक कुपी आणि तिच्यावरची चार ओळींची चिठ्ठी.

म्हणून पुढच्या हंगामाच्या नियोजनात अंडीपुंजांच्या संख्येबरोबर एक रकाना वाढवावा : कोणत्या गावाला कोणत्या वाणाचे अंडीपुंज दिले आणि त्या गावातल्या किती पतंगांचे नमुने ठेवले. मिसळण एकदा पुरी झाली की मूळ काय होते हे कोणतेही यंत्र पूर्णपणे सांगू शकत नाही. आज ठेवलेला पतंगाचा पाय वीस वर्षांनी वाचता येईल. आज फेकून दिलेला वाचता येणार नाही.